साताऱ्यात कॉलनीच्या भिंतीवर निसर्गचित्र, काय काय काढावं?

आमच्या कॉलनीची कंपाउंड वॉल रंगवायचीय, पोरंपोरी सगळे मिळून. थीम आपल्या जिल्ह्यातले प्राणी, फुलं. कमिटीतले काका म्हणतायत मोर आणि सिंह काढा 😄 सजेस्ट करा ना.

सह्याद्रीकर: सिंह कुठनं आणला काकांनी! शेकरू काढा की, राज्यप्राणी आहे आणि महाबळेश्वरच्या झाडीत दिसतो पण, तांबूस अंग न झुपकेदार शेपूट, भिंतीवर भारी दिसतंय. सोबत हरियाल म्हणजे आपलं हिरवं रानकबुतर, कोयनेकडचा गवा.

कासवाली: कासचं फुलांचं पठार हवंच, २०१२ पासून जागतिक वारसा आहे ते. पण नुसते रंगीत ठिपके नकोत, तेरडा, सीतेची आसवं ओळखू यायला पाहिजेत. कारवी काढली तर खाली लिहा सात वर्षांनी फुलते म्हणून, पोरं विचारतात.

रंगारी_सांगली: चित्राचं नंतर बघा, आधी भिंतीला ओल आहे का ते बघा. ओल असेल तर कितीही भारी रंग मारा, पापुद्रे निघणारच. दिवाळीनंतर घ्या काम, भिंत घासून एक्स्टिरिअर प्रायमर, वर एक्स्टिरिअर इमल्शन. डिस्टेंपर अजिबात नको, पहिल्या पावसात शेकरू धुऊन जाईल.

सह्याद्रीकर: आणि काकांना गव्याच्या शिंगांना रंग द्यायला बसवा, खूश होतील