हूल, आवई, वावडी… 'स्केअरमाँगरिंग'ला मराठीत काय म्हणावं?

लिंबूटिंबू
पावसाळ्यापूर्वी गावोगाव वाटायच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात 'स्केअरमाँगरिंग' (म्हणजे लोकांना उगाच घाबरवून सोडणं) चार वेळा आलंय आणि चारही वेळा माझं घोडं तिथेच अडलंय. 'अफवा पसरवणे' लिहिलं तर बातमी खोटी आहे असा अर्थ होतो. पण पाऊस खराच येणार असतो. तो सांगताना टीव्हीवरचा निवेदक असा काही किंचाळतो की आमच्या सासूबाई दोरीवरचे कपडे तर काढतातच, वर सोलापूरला शिकणाऱ्या नातवाला फोन करून "आहेस तिथून निघ" म्हणतात. सोलापुरात त्या दिवशी कडकडीत ऊन. 'सनसनाटी' चालेल का?

मुद्रणदोष
नको. एक तर तो हिंदीतून आलाय, आणि दुसरं म्हणजे तो बातमीची चव सांगतो. बातमी सनसनाटी असते, पण घाबरवणारा माणूस नेमकं काय करतो ते त्यातून कळत नाही. तुम्हाला क्रियापद हवंय, आणि ती आपल्याकडे पोत्यानं आहेत: आवई उठवणे, वावडी उठवणे, कंडी पिकवणे, बागुलबुवा उभा करणे, हूल देणे.

वावडी म्हणजे कागदी पतंग. ती गंमतीची, 'अमका मंत्री होणार' छापाची. तिनं कुणी घर सोडून पळत नाही. माझं मत हूल या शब्दाला. कबड्डीत चढाई करणारा हूल देतो तेव्हा पाय खरंच उचलतो, फक्त जिथं दाखवतो तिथं टाकत नाही. समोरच्याला जागेवरून हलवणं एवढाच हेतू. आवई ऐकून लोक बोलतात, हूल ऐकून पळतात.

जुनीपेटी
मुद्रणदोष, कबड्डीचं ठीक आहे, पण आमच्याकडे हूल म्हणजे फुसकीच. उठली, लोक पळाले, वेशीपाशी पाहिलं तर काही नाही. तेव्हा खऱ्या पावसाला हूल म्हणता येणार नाही.

अफवेचं मूळ मात्र गमतीचं आहे. अरबीत 'फूह' म्हणजे तोंड आणि 'अफवाह' हे त्याचं अनेकवचन. म्हणजे अफवा म्हणजे नुसती तोंडं! डोळे नाहीत, कान नाहीत.

आणि हे सगळं टीव्हीनं सुरू केलं असं कुणी म्हणू नका. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह मकर राशीत आले, तेव्हा ३ ते ५ तारखेदरम्यान जग बुडणार म्हणून देशभर होमहवनं चालली होती. मी दुसरीत होतो. आईनं शेजारणीची उसनी वाटीभर साखर त्या आठवड्यात आठवणीनं परत केली, कारण ऋण ठेवून मरायचं नाही! ६ तारखेला सकाळी शाळा भरली याचंच आम्हाला वाईट वाटलं. पुढं कित्येक वर्षं आमच्या घरात फुकटच्या धांदलीला 'अष्टग्रही' म्हणत. "काय ती अष्टग्रही लावलीय, गाडीला अजून दोन तास आहेत." १९७९ च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा कोसळायच्या वेळीही वडील एवढंच म्हणाले, "दुसरी अष्टग्रही." ती पडली हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात.

सातबारा
पुस्तिका पावसाची आहे म्हणून लिहितो. माझी नोकरीच महसुलातली.

आमच्याकडे 'अतिवृष्टी' हा मोजलेला शब्द आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. पुढचे पंचनामे, मदत, सगळं त्या आकड्याला बांधलेलं. ढगफुटीही मोजूनच असते: साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात तासाभरात १०० मिलिमीटर. आता जुलै-ऑगस्टमध्ये बातम्या लावून बघा. रोज कुठं ना कुठं 'ढगफुटीसदृश पाऊस'. हे 'सदृश' फार चतुर शेपूट आहे. घाबरवण्यापुरती ढगफुटी, आणि कुणी विचारलंच तर 'आम्ही सदृश म्हणालो होतो'.

लोक सदृश ऐकत नाहीत, ढगफुटी ऐकतात. दोन वर्षांपूर्वी सकाळी सकाळी दहा-बारा जण चावडीवर. "तात्या, टीव्हीवर आपल्या गावाचं नाव आलं, ढगफुटी झाली म्हणले. पंचनामे कधी?" मंडळाच्या पर्जन्यमापकात ४१ मिलिमीटर. त्यांना आकडा दाखवला तर मलाच म्हणाले, "तुमचं यंत्र बिघडलंय." त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? ओढ्याकाठचं सोयाबीन खरंच झोपलं होतं.

इशाऱ्यांचंही तेच. हवामान खात्याच्या रंगांत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पडद्यावर मात्र पिवळ्यालाही लाल पट्टी आणि भोंगा. मग खरा लाल येतो तेव्हा लोक चहा पीत बसतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्या दिवसासाठी या लोकांनी कुठला शब्द शिल्लक ठेवलाय, मला सांगा.

कोथिंबीर
घाबरवणाऱ्यांचे शब्द झाले, घाबरणाऱ्यांचेही घ्या. पुस्तिकेत लागतील. धास्ती आधीपासून असते, धसका एकदम बसतो आणि मग जात नाही. घबराट घोळक्याची. एकट्या माणसाची घबराट होत नाही, तो घाबरतो.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात या तिन्ही गोष्टी एका पंधरवड्यात पाहिल्या. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात, ३ तारखेला. आठवड्याभरात शाळा आणि थिएटरं बंद, तोंडाला रुमाल, रुमालात कापूर आणि निलगिरीचे थेंब. नायडू हॉस्पिटलबाहेर रांग लागली, ती रांग टीव्हीवर दिसली, आणि ती पाहून आणखी लोक रांगेत आले. नुसतं शिंकलेलेसुद्धा. आमच्या ऑफिसात एकाला ठसका लागला, चटणीचा, तर आजूबाजूच्या खुर्च्या मागं सरकल्याचा आवाज मला अजून आठवतो. पण म्हणून भीतीला वेडेपणा म्हणू नका. आजार खरा होता आणि माणसं खरीच गेली.

बरं, 'पाचावर धारण बसणे' घेतलं का कुणी? धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयाला पाचच शेर मिळायला लागलं की दुष्काळ दारात आला म्हणून लोकांच्या छातीत धडकी भरायची, असं सांगतात.

जुनीपेटी
शेर की पायल्या यावर आमच्या मास्तरांनी एक अख्खा तास घालवला होता. निकाल लागला नाही. पण धारण म्हणजे भाव, हे नक्की.

नांगरट
मी धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचा. सगळं वाचलं. तुम्ही सगळे नामं शोधताय, पण घोटाळा क्रियापदात आहे.

१ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज कितीतरी दिवस मोबाइलवर येत होते. मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं आले होते. जमावानं त्यांना मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही गेले. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घालायचं जाहीर केलं.

आपण त्यांना काय म्हणतो? 'अफवेचे बळी'. म्हणजे मारलं अफवेनं! माणसं वाक्यातून गायब. बातम्यांची भाषा बघा: घबराट पसरली, खळबळ उडाली, गोंधळ माजला, वातावरण तापलं. सगळं आपोआप. आजीच्या तोंडचे शब्द बघा: आवई उठवली, कंडी पिकवली, हूल दिली. ऐकलं की लगेच तोंडातून येतं, "कुणी रे?"

मुद्रणदोष
पटलं, पण अर्धंच. 'पसरवणे' आहेच की, त्याला कर्ता लागतो.

नांगरट
आहे ना. पोलिसांच्या पत्रकात: 'अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल'. तो पसरवणारा म्हणजे फॉरवर्ड करणारा एखादा पोरगा. चॅनेल कधी काही पसरवत नाही, ते 'दाखवतं'. पेपर 'छापतो'.

सातबारा
आणि आम्ही 'माहिती घेतो'.

जुनीपेटी
नांगरट, तुमच्यासाठी माझा हट्ट सोडतो. हूल फुसकी असते हे खरं, पण पाऊस खरा आणि त्याचा आकार फुसका असेल तर त्या आकाराची हूल दिली असं म्हणता येईल. आमचे मास्तर नापास करतील, पण चालेल.

लिंबूटिंबू
सगळ्यांचे आभार. तीन ठिकाणी 'हूल उठवणे' केलं, एका ठिकाणी 'बागुलबुवा उभा करणे', कारण तिथं लहान मुलांचं चित्र आहे. सातबारा, तुमचे ६५ मिलिमीटर चौकटीत घालायला सुचवलंय. कोथिंबीर, 'धसका' वापरला.

सकाळी मसुदा परत आला. बाकी सगळं मंजूर. फक्त 'हूल'खाली तीनदा लाल रेघ आणि समासात प्रश्न: "हुल की हूल?"

मुद्रणदोष
दीर्घ. शेवटचं अक्षर अकारान्त, त्याआधीचं दीर्घ. मूल, फूल, चूल, हूल.

कोथिंबीर
आणि सामान्यरूपात ऱ्हस्व. चुलीला, हुलीला.

लिंबूटिंबू
हुलीला?! हे मी सासूबाईंना विचारून सांगते.