अनुभव धागा : डायलिसिसवरच्या माणसाचं ताट, तहान आणि मन

मशीन आठवड्यातले आठ ते बारा तास सांभाळतं. उरलेले दीडशेहून जास्त तास घराच्या हवाली. म्हणून सातारा-सांगलीकडच्या रोजच्या स्वयंपाकाला धरून लिहा: भाकरी, आमटी, कूट, चटणी, चहा. आपली कहाणी नको. मापं, वेळा, कुठं चुकतं आणि का चुकतं ते हवं. हे सगळं हेमोडायलिसिसबद्दल, म्हणजे मशीनवर रक्त गाळून घेण्याबद्दल आहे. आकडे माणसागणिक बदलतात, तेव्हा महिन्याचा रिपोर्ट हातात धरून आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरा.

आहारतज्ज्ञ, सांगली

सगळ्यात मोठा घोळ जुन्या कागदाचा. डायलिसिस लागण्याआधी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात. तो कागद फ्रिजवर चिकटलेलाच राहतो आणि डायलिसिस सुरू झाल्यावरही घरात डाळ चमच्यानं मोजून वाढतात. आता हिशेब उलटा झालेला असतो. प्रत्येक डायलिसिसला काही ग्रॅम अमिनो आम्लं रक्तातून निघून जातात, ती भरून काढायला वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात.

55 किलोच्या माणसाला 1.2 नं 66 ग्रॅम होतात. ते ताटात असे बसतात: 50-50 ग्रॅम पिठाच्या तीन ज्वारीच्या भाकरी, 15 ग्रॅम. मूठभर तांदळाचा भात, 4. तीस ग्रॅम तूरडाळ, 7. तीस ग्रॅम मटकीची उसळ, 7. चार अंड्यांचं पांढरं, 14. पाऊणशे ग्रॅम चिकन, 15. वाटीभर घट्ट दही, 3. झाले 65. माळकरी घरात अंडं-चिकन नसेल तर 20 ग्रॅम सोया चंक उकळून, पिळून घ्या, दहा ग्रॅम येतात. वर 50 ग्रॅम घरचं पनीर. किलोमागे 1 ग्रॅमच्या हिशेबानं शाकाहारी ताट पुरं पडतं, फक्त मोजावं लागतं.

अंड्यातलं पिवळं का टाकायचं, तर किडनी बंद पडली की अंगात साठणारा फॉस्फरस त्यात आहे, पांढऱ्यात नावाला. भूकच नसेल तर पांढऱ्याची भुर्जी थंड करून, लिंबू पिळून द्या. तोंडाला धातूची चव येते तेव्हा गरम वासाचं अन्न नको होतं, गार चालतं.

डायलिसिस टेक्निशियन, सातारा

ताईंच्या मुद्द्याला जोडून. ‘ड्राय वेट’ म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन. माणूस नीट जेवत नसेल तर मांस झडतं आणि त्याच्या जागी पाणी बसतं. काट्यावर आकडा तोच, म्हणून घरचे निवांत. पण दंड बारीक झालेले, लेंग्याची नाडी दोन बोटं आत आलेली, वरून बीपी चढतंय, आडवं झालं की धाप लागते. असं दिसलं तर लगेच सांगा, ड्राय वेट खाली आणावं लागतं.

दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं वजन ड्राय वेटच्या चार-साडेचार टक्क्यांवर जाऊ नये. 50 किलोला सव्वादोन किलो. चार-पाच किलो घेऊन आलात तर ते चार तासांत ओढावं लागतं, मग बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि डायलिसिसच्या पुढच्या पाळीला माणूस यायलाच घाबरतो.

मशीनवर असताना डब्यातली भाकरी-उसळ पोटभर खाऊ नका. रक्त पोटाकडं वळतं नि बीपी कोसळतं. जेवण दीड-दोन तास आधी, मशीनवर फार तर बिनमिठाची इडली किंवा दोन बिस्किटं, तीही पहिल्या तासात. बीपीची सकाळची गोळी त्या दिवशी घ्यायची का, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

डबा करणारी, तासगाव

तहानेवर बोलते. पाणी तोडून तहान जात नाही, मीठ तोडलं की जाते. साधारण आठ ग्रॅम मीठ शरीरात लिटरभर पाणी धरून ठेवतं. दिवसाचं मीठ 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा.

आपल्याकडं ते हुकतं कांदा-लसूण चटणीत. वर्षाची चटणी कुटताना त्यात खडा मीठ पडलेलंच असतं, आणि भाजीत आपण पुन्हा घालतो. चटणी कुटायच्या दिवशी मीठ घालायच्या आधीच पाव किलो बाजूला काढा, फ्रिजमध्ये ठेवा. आमटीतलं त्यांच्या वाट्याचं मीठ पडायच्या आधी काढून घ्यायचं आणि ताटात वरून चिमूट भुरभुरायची. जिभेला वरचं मीठ जास्त कळतं, कमी लागतं. भडंग, पापड, लोणचं, खारे शेंगदाणे हे सगळं त्या एका चमच्याच्या बाहेरचं.

पाण्याची युक्ती: कालची लघवी मोजा, त्यात 500 मिली मिळवा, तेवढं पाणी सकाळी बाटलीत भरा. चहा 80 मिली प्यायले की बाटलीतलं 80 मिली झाडाला. आमटीची वाटी, ताक, औषधाचा घोट, सगळं तसंच. संध्याकाळी किती उरलंय ते त्यांना स्वतःला दिसतं, कुणी ओरडावं लागत नाही. ग्लास काढून टाका, देवापुढची छोटी पंचपात्री ठेवा. बर्फाच्या ट्रेचा एक खण किती मिलीचा हे एकदा मोजून ठेवा. चघळायला एक खडा दहा मिनिटं पुरतो. मधुमेह असेल तर साखर वाढली की तहान वाढतेच, तिथं बाटली काय करणार.

आहारतज्ज्ञ, सांगली

किडनी बंद पडली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं, म्हणून ते कमी हवं. बटाटा रात्रभर भिजवला की पोटॅशियम गेलं, असं बरेच जण समजतात. नुसत्या भिजवण्यानं फार जात नाही. सोलून पातळ काप करा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात पुन्हा शिजवा. ते पाणीही ओता, रस्सा करू नका. कुकरमध्ये अख्खा उकडलेला बटाटा जसा होता तसाच.

द्राक्षाच्या गावात राहतो म्हणून: ताजी दहा-बारा द्राक्षं चालतात. बेदाणा म्हणजे पाणी काढलेलं द्राक्ष; 100 ग्रॅममध्ये 750 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, ताज्यात दोनशेच्या आत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पाच-सहा, बिनघोर. शहाळं, उसाचा रस, काकवी नको. आजाऱ्याला भेटायला येणारा हमखास शहाळंच घेऊन येतो, तेव्हा पाहुण्यांना आधी सांगा. स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, फोडभरही नाही. त्यातलं विष किडनी नसेल तर मेंदूवर जातं: थांबत नाही अशी उचकी, गोंधळ, आकडी.

एकादशीला शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी, बटाट्याची भाजी, केळं, खजूर, सगळं एकाच ताटात. उपास करायचाच असेल तर कुटाविना भगर, काकडी, दही. आणि शनिवारनंतर मंगळवारी पाळी असेल तर रविवार-सोमवार जपा, मोठ्या खाड्यातच पोटॅशियम चढतं. पाय गळाल्यासारखे झाले, छातीत ठोके मंदावले किंवा चुकल्यासारखे वाटले तर पाळीची वाट बघू नका, ताबडतोब दवाखाना, ईसीजी.

औषध दुकानदार, सातारा

बीपीसाठी म्हणून लो सोडियम मीठ नेतात. त्यात सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. डायलिसिसवाल्याच्या घरात ती पुडी शिरूच देऊ नका. सैंधव सुरक्षित समजतात, तेही मीठच.

फॉस्फरसची गोळी (कॅल्शियम ॲसिटेट, सेव्हेलामर) रात्री इतर गोळ्यांबरोबर झोपताना घेतली तर पाण्यात गेली. ती अन्नातल्या फॉस्फरसला पोटातच धरते, म्हणून घासाबरोबर. जेवण नाही तर गोळी नाही. उलट मधल्या वेळी कंदी पेढा खाल्लात तर त्याच्याबरोबर लागते, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. लोहाची गोळी मात्र तिच्यापासून लांब. कोला आणि डब्यातलं चीज यांतला घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा अंगात उतरतो, डाळीतला बराचसा उतरत नाही. म्हणून डाळ आधी तोडू नका, कोलाची बाटली तोडा.

मधुमेहवाल्याची रक्तातली साखर उतरली तर तीन चमचे साखर द्या, फळांचा रस नको.

समुपदेशक, सांगली

वरचं सगळं बरोबर आहे, पण ते चारचौघांत बोलून दाखवू नका. लग्नाच्या पंगतीत ‘दादा, ती जिलेबी ठेवा खाली’ म्हटलं की दादा पुढच्या लग्नाला येत नाहीत. (जिलेबीत पोटॅशियम फारसं नसतंही. मधुमेह नसेल तर खाऊ द्या की.) काय वाढायचं ते घरी ठरवा, पंगतीत गप्प बसा.

डायलिसिसच्या संध्याकाळी गळून पडणं स्वाभाविक. बघायचं सुट्टीच्या दिवशी. दोन आठवडे बहुतेक दिवस कशात रस नाही, किंवा मन खाली आहे, असे दोन प्रश्न सरळ विचारा. पाळी चुकवणं, तासभर आधी मशीन बंद करायला लावणं, मुद्दाम पाणी पिणं, यांकडे हट्ट म्हणून बघू नका. ‘जगावंसं वाटत नाही का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बाहेर येतो. उत्तर होय आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली मानस 14416 ही सरकारी सेवा 2022 पासून आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं.

एक सावधानी: खाजेसाठी किंवा पायांच्या वळवळीसाठी दिलेलं गॅबापेंटिन जास्त झालं तर माणूस सुस्त, गोंधळलेला होतो, आणि घरचे त्याला उदास समजतात. आधी गोळ्यांची यादी दाखवा. झोप नसेल तर हिमोग्लोबिन आणि लोहही बघून घ्या.

परिचारिका, डायलिसिस विभाग

एकाच पाळीची माणसं वर्षानुवर्षं शेजारच्या खाटांवर असतात. त्यातली एक खाट रिकामी दिसली की ‘गावाला गेलेत’ सांगू नका. त्यांना कळतंच, मग आमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही. खरं सांगा, थोडक्यात सांगा, आणि त्या दिवशी शेजारच्याजवळ दोन मिनिटं जास्त थांबा.

घरच्यांसाठी: नेण्या-आणण्याचं काम एकाच सुनेवर टाकू नका, वार वाटून घ्या. आणि डायलिसिसच्या पिशवीत स्वेटर ठेवा. मशीनवर थंडी वाजते, मे महिन्यातसुद्धा. फिस्तुलाच्या (डायलिसिसची सुई लावायला शिरा जोडून केलेल्या जागेच्या) हाताची बाही बटणाची असू दे, म्हणजे ती उलगडून सुई लावता येते आणि बाकीचं अंग झाकलेलं राहतं.