प्रवाळबेटं बुडणार की वाढणार? यात कोणाचं ऐकायचं?

वाळूचाबांध (धागाकर्ता)
अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले कर्ट स्टोरलाझी आणि सहकाऱ्यांचा 2018 चा शोधनिबंध पुन्हा वाचला. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांमधल्या क्वाजालीन प्रवाळद्वीपाच्या रोई-नामूर बेटावर मोजमापं घेऊन त्यांनी म्हटलंय की, उत्सर्जन असंच चालू राहिलं तर शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक प्रवाळद्वीपांवर दरवर्षी लाटा चढतील. जमिनीखालचं गोडं पाणी खारं होईल आणि बेट बुडायच्या कितीतरी आधी तिथून उठावं लागेल.

लोक साल धरून बसतात. मला त्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. जुने अंदाज समुद्राला हौद समजायचे: पातळी इतकी चढली की इतकी जमीन गेली. पण बेटाभोवतीच्या प्रवाळखडकावर पाणी उथळ असतं म्हणून लाट तिथे फुटते. पातळी चढली की तिथली खोली वाढते, लाट कमी फुटते आणि उरलेला जोर घेऊन किनाऱ्यावर येते. त्यामुळे नुसतं क्षेत्रफळ मोजण्यात काही हशील नाही. बोला.

उलटतपासणी
बोलतो. त्याच 2018 साली पॉल केंच यांच्या गटाने तुवालू या प्रशांत महासागरातल्याच छोट्या देशाच्या 101 बेटांची जुनी-नवी छायाचित्रं ताडून पाहिली. 1971 ते 2014 या काळात समुद्र चढत असूनही एकूण जमीन 2.9 टक्के वाढली होती. स्टोरलाझींच्या गणितात बेटाचा आकार गोठवलेला आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. ही बेटं म्हणजे प्रवाळाची वाळू आणि खडी. लाटांनीच ती रचली. केंच, मॅसेलिंक आणि बीथम यांनी 2020 मध्ये तुवालूच्या एका बेटाची छोटी प्रतिकृती करून तिच्यावर लाटा सोडल्या. माथ्यावरून गेलेल्या लाटांनी वाळू टाकली आणि माथा उंचावला. त्यात रोई-नामूर म्हणजे लष्करी तळ, दोन बेटं भराव घालून जोडलेली. तेवढ्यावरून ‘बहुतेक’ म्हणायचं?

गोडंपाणी
उलटतपासणी, माथा उंचावणारी लाट आणि विहीर नासवणारी लाट एकच आहे, हे तुमच्या लक्षात येतंय का? पावसाचं मुरलेलं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. लाट चढून गेली की वरून मीठ झिरपतं, आणि ते धुऊन निघायला पुष्कळ पाऊस आणि महिने लागतात. दरवर्षी लाट आली तर सवडच मिळणार नाही. बेट टिकेलही, पण निर्मनुष्य.

उलटतपासणी
मान्य, पण मग ‘बेट राहण्यालायक नाही’ न म्हणता ‘विहिरीवर विसंबता येणार नाही’ म्हणा. पावसाचं पाणी टाक्यांत साठवता येतं, घरं खांबांवर उचलता येतात. ‘सगळं संपलं’ असं जाहीर केलं की त्या बेटांवर पैसा लावायला कोण पुढे येईल?

खडकप्रेमी
दोघंही खडकाला विसरलात. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार प्रवाळखडक लाटांची सरासरी 97 टक्के ऊर्जा जिरवतात, त्यातली बरीचशी बाहेरच्या कड्यावरच. प्रवाळ जिवंत राहिला आणि समुद्राबरोबर वर वाढला तर वर सांगितलेली खोली वाढणारच नाही. शिवाय तुमची वाळू येते कुठून? प्रवाळ जगवा, किनाऱ्यावरच्या भिंती नंतर बांधा.

लांबलाट
97 टक्के ऐकून निश्चिंत होऊ नका. 2013 च्या हैयान वादळात फिलिपिन्समधल्या हर्नानी गावासमोर प्रवाळखडक होताच. तरी त्सुनामीसारखी पाण्याची भिंत आली आणि घरं घेऊन गेली. मोठ्या लाटा झुंडीने येतात. त्या खडकावर फुटल्या की झुंडीच्या तालावर सगळं पाणी मिनिटामिनिटाने चढतं-उतरतं. खडक छोट्या लाटा मोडतो, ही लांब लाट मात्र आत शिरते, आणि खडकाच्या रुंदीशी ताल जुळला तर फुगतेही. रोएबर आणि ब्रिकर यांनी 2015 मध्ये हे दाखवलं. सरासरीने माणसं मरत नाहीत, त्या एका रात्रीने मरतात.

खडकप्रेमी
म्हणून काय खडक तोडायचा?

लांबलाट
तसं कुठे म्हटलं? घरं कुठे बांधायची ते ठरवताना सरासरी आकडा वापरू नका, एवढंच. उलटतपासणी, तुमच्या खांबांवरच्या घरांनाही हे लागू आहे. खांब किती उंच, हे कोणत्या लाटेवरून ठरवणार?

उलटतपासणी
प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर त्या-त्या किनाऱ्यावर मोजूनच मिळेल. रोई-नामूरचं माप मार्शल बेटांची राजधानी माजुरोला चालणार नाही.

वाळूचाबांध
आणि माजुरोत बांधकाम इतकं दाट आहे की तुमच्या लाटेने वाळू टाकलीच तर ती लोकांच्या ओसरीत पडेल. ती तिथेच राहू देणार का लोक?