चोरून असलेल्या दुसऱ्या घराला शब्द सुचवा

तळटीप: फ्रान्सचे मितराँ (राष्ट्राध्यक्ष, १९८१ ते १९९५) यांच्यावरचा लेख मराठीत करतेय. एक घर जगजाहीर, बायको दानिएल आणि दोन मुलगे. दुसरं आन पँजो आणि मुलगी माझारिन, सरकारी फ्लॅटमधे, सरकारी पहाऱ्यात, बायकोला ठाऊक पण १९९४ला मुलीचा फोटो छापून येईपर्यंत पब्लिकला पत्ता नाही. जानेवारी १९९६, जार्नाकला अंत्यविधी, दोन्ही घरं शवपेटीजवळ. या दुसऱ्या घराला काय म्हणू? रखेल नको, बाई म्युझियममधे क्युरेटर होत्या, कोणी ठेवलेल्या नव्हत्या.

सदूभाऊ: अंगवस्त्र. विषय संपला.

बोरूबहाद्दर: कसा संपला? अंगवस्त्र म्हणजे उपरणं, ते चारचौघांत खांद्यावर टाकून मिरवायचं. आपल्याकडचे शब्द सगळे उघड मामल्याचे, नाटकशाळा, राख, पाटाची. बाजीरावाने काय लपवलं? शनिवारवाड्याला मस्तानी दरवाजाच होता. भांडण होतं ते पोराला काय मिळणार याचं. समशेरबहादूर पानिपतात कामी आला तरी गादी काशीबाईंच्याच पोटी राहिली.

माणदेशी: पाटाची यात घुसडू नका हो, पाट म्हणजे रीतसर लग्न, विधवेचं नाहीतर काडीमोड झालेलीचं. पुणेरी माणसांना हे कितीदा सांगायचं.

बोरूबहाद्दर: रीतसर होतं तर लग्नाची वेगळी आणि पाटाची वेगळी असं का बोलायचे लोक? देव्हाऱ्यापाशी कोण बसायची?

सुशेगाद: आमच्या गोंयात कलावंतिणीच्या बाबतीत शब्द पुरुषाला होता, यजमान. बाईंचे यजमान अमुक, असं सरळ म्हणत. तुमच्याकडे सगळी लेबलं बाईला आणि पोरांना.

सदूभाऊ: दानिएलच्या बाजूने सवत आहेच की. सवत म्हणजे सव्वा, एकावर पाव जास्त 😄

मिताक्षरा: सदूकाका, सपत्नी पासून आलाय तो. आणि सवत व्हायला दोघींचं लग्न लागतं. मुंबई इलाख्यात १९४६ला दुसरं लग्न बंद झालं, मग १९५५चा कायदा, म्हणजे हिंदूंपुरती खरी सवत तेव्हाच संपली, शब्द नुसता भांडणात उरला. लपवाछपवी त्यानंतर वाढली असणार असं माझं मत.

माणदेशी: पोरांचे शब्द जास्त जहरी बघा, लेकावळा, कडू. अक्करमाशी तर सरळ हिशोबच, बारा माशांचा तोळा, हा अकरा माशांचा.

मिताक्षरा: फ्रान्सने तर सहामाशीच करून ठेवलेलं! विवाहबाह्य संबंधातल्या मुलाला, समोर लग्नाची मुलं असतील तर निम्माच वाटा, २००१ला कायदा बदलेपर्यंत. मितराँ वारले तेव्हा हाच नियम चालू. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०२३ला म्हटलं की रद्दबातल लग्नातल्या मुलांना आईबापाच्या वाट्यातलं मिळेल, पण लग्नच नसेल तर प्रश्न वेगळा.

तळटीप: ताई भारी माहिती, लेखात घालते. पण शब्द?

सदूभाऊ: गुप्तकुटुंब.

बोरूबहाद्दर: गुप्तधन वाटतं. 'दुसरं घर' ठेवा, गावाकडे "त्याचं दुसरं घर आहे" म्हटलं की कोणी सातबारा विचारत नाही.

सुशेगाद: पुण्यात विचारतील, सेकंड होम कुठेशी घेतलंत, लोणावळ्याला का.

माणदेशी: ते जाऊ द्या, पाटाचं कोणी मान्य केलं का नाही अजून?