दुकानाचं नाव पाटीवर एक, गूगलवर दुसरं: चालतं का?

गाळा_नंबर_सात:
आमच्या बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांची ही तऱ्हा आहे. उदाहरणासाठी 'लक्ष्मी ट्रेडर्स' धरा, या नावाची दुकानं गावोगाव आहेत. पाटीवर लक्ष्मी ट्रेडर्स, गूगल मॅपवर न्यू लक्ष्मी ट्रेडर्स, इंडियामार्टवर लक्ष्मी ट्रेडिंग कंपनी. जस्टडायलवर इंग्रजी स्पेलिंग एक्स घालून, बाकी ठिकाणी के-एस-एच. माझं ठाम मत आहे की पाटीवर जे आहे तेच सगळीकडे हवं, काना-मात्रेसकट.

रोजच्या गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, त्याला दुकान पाठ आहे. अडतो तो बाहेरगावचा माणूस. मॅपवर एकाच गाळ्याची दोन लोकेशन दिसतात, एकावर चांगले रिव्ह्यू, दुसऱ्यावर कधीच बंद झालेला लँडलाइन नंबर. तो फोन लावतो, लागत नाही, आणि पुढच्या दुकानात जातो. दुकानदाराला याचा पत्ताही लागत नाही, हे मला फार लागतं.

केडगावकर:
असहमत. आमच्या लायनीत ज्यांनी नावापुढे 'प्लंबिंग सामान, केडगाव' जोडलंय ते शोधात वर दिसतात, हे रोज बघतोय. नुसत्या 'लक्ष्मी ट्रेडर्स'वरून कोणाला काय कळणार, तिथे पाइप मिळतात की पेंड? आम्ही नियम पाळायचे आणि गिऱ्हाईक समोरच्याने न्यायचं?

गाळा_नंबर_सात:
पाइप की पेंड, हा प्रश्न रास्त आहे. पण त्यासाठी गूगलच्या प्रोफाइलमध्ये कॅटेगरी आहे, वर्णन आहे, वस्तूंची यादी टाकता येते. बहुतेकांनी ते रकाने कोरे ठेवलेत. गूगलचा नियम स्पष्ट आहे: पाटीवर आणि लेटरहेडवर असेल तेच नाव, त्यात माल किंवा गाव जोडायचं नाही. मॅपवर नावात बदल कोणीही सुचवू शकतो, शेजारचा दुकानदारसुद्धा. आणि नियम मोडला म्हणून प्रोफाइल निलंबित झालं की ऐन सीझनमध्ये दुकान मॅपवरून गायब, मग कागदपत्रं लावत बसा.

वहीखाते:
मी जीएसटीची कामं करते. 'सगळीकडे एकच' हे मुळातच होत नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात कायदेशीर नाव म्हणजे पॅनवरचं मालकाचं नाव, दुकानाचं नाव हे व्यापारी नाव. क्यूआर स्कॅन केला की बऱ्याचदा मालकाचंच नाव येतं आणि गिऱ्हाईक पैसे पाठवताना थबकतं. तेव्हा काना-मात्रेचा आग्रह सोडा. निदान व्यापारी नाव पाटीशी जुळवा, बँकेत चालू खातं त्याच नावाने काढा. एवढं झालं तरी पुष्कळ.

साधा_हिशोब:
या विषयाचा बाऊ केला जातोय. 'शंभर डिरेक्टऱ्यांत तुमचं नाव एकसारखं करून देतो' म्हणत एजंट फिरतात आणि छोट्या दुकानदाराकडून दर वर्षी पैसे घेतात. त्या शंभरातल्या किती कोणी उघडून बघतं? 'अँड' लिहिलं की 'आणि', याने गिऱ्हाईक चुकत नाही. फोन नंबर आणि लोकेशन बरोबर ठेवा.

गाळा_नंबर_सात:
एजंटांबद्दल शंभर टक्के सहमत. गूगलचं प्रोफाइल फुकट आहे, घरातलं कॉलेजला जाणारं पोर एका दुपारी नीट करून देईल. 'अँड'चंही सोडून देतो. पण 'न्यू' जोडलं किंवा 'ट्रेडर्स'चं 'ट्रेडिंग कंपनी' झालं की ते वेगळं दुकान वाटतं. आमच्याकडे वाटण्या झाल्यावर भाऊ-भाऊ असेच 'न्यू' लावून शेजारी बसतात. तिथे हा फरक पोटापाण्याचा आहे.

नगरची_सून:
एक मुद्दा राहिला. दुकान कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या सगळ्या दुकानांना, कामगार कितीही असोत, मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मग 'पाटीवरचं नाव' म्हणजे देवनागरी ना? ऑनलाइन मात्र सगळे इंग्रजीत. माझ्या सासूबाई बोलून शोधतात, तेही मराठीत. पत्त्यात तर अजून निम्म्या ठिकाणी अहमदनगर, निम्म्या ठिकाणी अहिल्यानगर.

गाळा_नंबर_सात:
देवनागरी जरूर टाका. दोन लिप्यांत लिहिलं तरी नाव एकच राहतं, फक्त इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवून तेच वापरा. पत्त्यात नवं नाव घाला, पिन कोड तोच आहे, पार्सल चुकत नाही.

केडगावकर:
मला अजून पटलेलं नाही. 'प्लंबिंग' नावातच हवं. मग पाटीच बदलून 'लक्ष्मी प्लंबिंग' केली तर?

गाळा_नंबर_सात:
मग माझी काहीच हरकत नाही, ते तुमचं खरं नाव झालं. आधी पाटी आणि बिलबुक बदला, पाटीचा फोटो काढून ठेवा, पडताळणीत मागतात. मग गूगल, जस्टडायल, इंडियामार्ट एकाच आठवड्यात उरका.

वहीखाते:
आणि जीएसटीत बदल 15 दिवसांच्या आत कळवा. शॉप अॅक्टच्या, म्हणजे दुकान नोंदणीच्या, कागदातही बदल करून घ्या. पाटी रंगवायला टाकाल त्याच दिवशी मला फोन करा.