ग्रीगच्या स्केचचा खरा हिरो कोण, एरिक की प्रेविन?

खर्जातला:
मोरकम अँड वाइजचं १९७१ च्या ख्रिसमस शोमधलं पियानोवालं स्केच काल परत बघितलं. ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात: बीबीसीवरची ही विनोदी जोडी, एरिक (मोरकम) आणि अर्नी (वाइज), आंद्रे प्रेविनला शोमध्ये बोलावते. प्रेविन म्हणजे तेव्हा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा मुख्य कंडक्टर, चार ऑस्कर घेतलेला माणूस. त्याला नामवंत व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिनचं आमिष दाखवलेलं आणि प्रत्यक्षात समोर एरिक उभा, नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याचा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना) वाजवायला! वाजवतो अर्थात भलतंच. प्रेविन म्हणतो सगळे सूर चुकताहेत, तर हा त्याची कॉलर धरून सांगतो की सूर सगळे बरोबर आहेत, फक्त क्रम तोच असेल असं काही नाही.
लोक एरिक एरिक करतात पण माझ्या मते हे स्केच प्रेविनने तोलून धरलंय. तो एकदाही "बघा मी किती गंमत करतोय" असा चेहरा करत नाही, खऱ्या रिहर्सलला जसा वैतागेल तसाच वैतागतो.

निवांत नाना:
असहमत. प्रेविन छानच आहे पण त्याच्या जागी दुसरा कुणी गंभीर चेहऱ्याचा कंडक्टर उभा केला असता तरी चाललं असतं. त्याच शोमध्ये शर्ली बॅसी गाताना तिची टाच अडकते आणि हे दोघं तिच्या पायात चक्क बूट चढवतात, ती एक सूर न हलवता गात राहते. म्हणजे पाहुण्याने गंभीर राहायचं हा त्यांचा ठरलेलाच फॉर्म्युला होता. पाहुणे बदलत गेले, एरिक तोच राहिला.

खर्जातला:
नाना, मग हे कसं? हेच स्केच त्यांनी आधी १९६३ मध्ये एटीव्ही या ब्रिटिश चॅनेलवर केलेलं, एरिक पियानोवर आणि कंडक्टर अर्नी. एरिक तोच, गंमत साधारण तीच. ते आज कोण आठवतंय? फरक पडला तो कंडक्टर खरा आल्यावरच.

पेटीवाली:
दोघेही लेखकाला विसरलात. १९६३ चं हिल्स आणि ग्रीन यांनी लिहिलेलं, १९७१ चं एडी ब्रॅबनने परत रचलेलं. एरिकला आपण भारी वाजवतो अशी खात्री असणं आणि अर्नीने आपण फार सुसंस्कृत असल्याचा आव आणणं, हे दोघांचं नातं ब्रॅबनने घडवलं. ते नसतं तर नुसता चुकीचा पियानो राहिला असता, आणि तो आमच्या क्लासमध्ये रोज फुकट ऐकायला मिळतो 😄

ठाणेकर:
आता मी दगड टाकतो. वाजवण्यातली कॉमेडी बघायची तर ब्रिटिश कॉमेडियन लेस डॉसन बघा. एरिकचं वाजवणं जोक पुरतं, पण डॉसनला पियानो खरंच येत होता आणि तो लय न सोडता ओळखीच्या चालीत नेमका खुपणारा सूर दाबायचा, आपण मनात पुढचा सूर गुणगुणायला जातो आणि हा शेजारच्या पट्टीवर बोट ठेवतो, तेही चेहरा असा की जणू मैफल रंगली आहे. बाजा न येणाऱ्याला ते जमणार नाही.

पेटीवाली:
+१ डॉसनला. बेसूर वाजवताना लय धरून ठेवणं फार अवघड, हात आपोआप बरोबर सुराकडे पळतो.

फुकट_पास:
सगळे पन्नास वर्षांपूर्वीचंच का उगाळताय? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला तोच लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, सायमन रॅटल कंडक्टर, आणि रोवन ॲटकिन्सन (आपला मिस्टर बीन) कीबोर्डवर एका बोटाने एकच सूर दाबत बसलाय. कंटाळतो काय, दुसऱ्या हाताने फोन काढतो काय! एक शब्द नाही, त्यामुळे आपल्या आजीलाही कळलं. ग्रीगचं स्केच समजायला आधी ग्रीग कोण ते माहीत पाहिजे.

निवांत नाना:
काही गरज नाही. मला ग्रीगचा ग सुद्धा माहीत नव्हता. ऑर्केस्ट्रा सुरुवात करतो, एरिक गप्पा मारत उभा, पियानोपर्यंत पोचेपर्यंत त्याची जागा निघून गेलेली, मग म्हणे सुरुवातीचा भाग थोडा लांबवा! हे कळायला कसलं संगीत लागतं? आणि बीनचं म्हणाल तर मस्तच, पण त्याच्यासमोर भांडायला कुणी नाही, रॅटल आपला शांतपणे काठी हलवतोय.

खर्जातला:
नाना, भांडायला समोर कुणीतरी लागतं हे तुम्हीच म्हणालात, मीही तेच म्हणतोय. प्रेविनला रिहर्सलला जेमतेम वेळ मिळालेला, त्यामुळे एरिक धास्तावलेला होता. मग ती जागा येते जिथे प्रेविन म्हणतो मी माझी बॅटन (कंडक्टरची काठी) घेऊन येतो, थांबतो, आणि म्हणतो ती शिकागोला आहे. तिथे एरिकचा चेहरा बघा, हवेत मुठी मारतो. त्याला तिथेच कळलं की गडी तयारीचा आहे. आणि शेवटी प्रेविन स्वतः एरिकसारखंच वाजवायला लागतो ते? ते दुसऱ्या गंभीर चेहऱ्याच्या कंडक्टरला सांगून बघा.

निवांत नाना:
शिकागोची जागा मान्य. पण त्या मुठी मारल्या नसत्या तर तुम्हाला तो विनोद एवढा लक्षात राहिला असता का? तिथेही एरिकच.