पावसाळ्यातल्या हिरव्याचं करायचं काय? (एकच झाड, बारा महिने)

ओला_कागद
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी शिकलेली चित्रकार वगैरे नाही, बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर हौस म्हणून वॉटरकलर सुरू केलं त्याला आता चारेक वर्षं झाली. राहते वाईला. गच्चीतून समोर शेतं, बांधावर एक मोठी काटेसावर आणि मागे पांडवगड असं दिसतं. गेल्या दिवाळीत डोक्यात आलं की वर्षभर दर महिन्याला हेच झाड, ह्याच जागेवरून, ह्याच मापाच्या कागदावर करायचं. नोव्हेंबर ते ऑक्टोबर, बारा चित्रं.

सुरुवात मस्त झाली हो. डिसेंबरात पानं गळायला लागली, जानेवारीत नुसता सांगाडा आणि त्यावर काळपट कळ्या, फेब्रुवारीत लालभडक फुलं आणि साळुंक्या-कावळ्यांचा नुसता बाजार. मार्चात अर्धी फुलं झाडावर अर्धी खाली, त्यात मागचा डोंगर कोणीतरी वणवा लावून काळा केलेला, तो काळा आणि हा लाल, माझं आजवरचं सगळ्यात बरं चित्र ते. मे महिन्यात बोंडं फुटली आणि कापूस उडून ओल्या वॉशवर (पातळ रंगाच्या थरावर) चिकटला, काढायला गेले तर कागद खरवडायला लागला म्हणून तसाच राहू दिला, आता वाटतं बरं झालं.

आणि मग आला जुलै. झाड हिरवं, बांध हिरवा, शेत हिरवं, डोंगर हिरवा. दोनदा केलं, दोन्ही वेळा पालक पनीर. म्हणजे पनीरसुद्धा नाही, नुसता पालक. माझी सावर त्यात दिसतच नाही. वर कागद वाळत नाही, दहा मिनिटांत ढग येतो आणि सगळा उजेड बदलतो, मी ज्या उजेडात सुरू केलं तो परत येतच नाही. आणि आता एका जुन्या शीटवर वॉश टाकला तर मध्येच ठिपके ठिपके उठले, जणू कागदाला देवी आल्यात.

तर प्रश्न असे की हिरव्याला हिरव्यापासून वेगळं कसं काढायचं, फोटोवरून घरात बसून पूर्ण केलं तर ती फसवणूक होते का, आणि कागदाचं काय करू. शिव्या चालतील पण उपाय सांगा.

टपरीवाला_चहा
फोटो काढा, फिल्टर मारा, मोकळे व्हा 😄
(गंमत केली ताई, कापूस चिकटलेलं चित्र बघायचंय. टाका इथे.)

सडेकर
ताई, मी रत्नागिरीकडचा, पंचवीस-तीस वर्षं ऑन द स्पॉट करतोय, आमच्याकडे चार महिने दुसरा रंगच नसतो त्यामुळे ह्या दुखण्यातला जुना पेशंट.

पहिलं म्हणजे ट्यूबमधला सॅप ग्रीन बाजूला ठेवा. फेकू नका, पण जुलैपुरता कपाटात. तो पॅलेटवर असला की हात आपोआप तिथेच जातो आणि सगळ्या चित्राला एकच शेवाळ लागतं. हिरवा दरवेळी मिसळून करायचा. भाताचा तरवा असेल तर लेमन यलोत जेमतेम निळा, पोपटी व्हायला पाहिजे. तुमच्या वाईकडे हळद असते ना शेतात, तिचं पान उजेड आरपार येणारं, तिथे गँबोज (पिवळा) आणि थोडा अल्ट्रामरीन (निळा). ऊस निळसर असतो, राखाडी झाक असलेला, बघा नीट. आणि झाडाच्या पोटातला अंधार आहे तिथे व्हिरिडियनमध्ये (गार हिरवा) अलिझरिन क्रिमझन (गडद लाल) घाला, दोघं एकमेकांना मारतात आणि जवळपास काळा होतो पण मेलेला काळा नाही, पेन्स ग्रे टाकल्यावर जो मेलेला होतो तसा नाही. एकूण हिरव्यात कुठेतरी लाल पाहिजेच. मी तर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) चमचाभर सगळ्या भाजीत घालतो.

दुसरं, रंगाआधी टोन, म्हणजे कुठे किती गडद आणि कुठे किती फिकट. डोळे बारीक करून बघा किंवा फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो घ्या, चित्राचा पण आणि समोरच्या देखाव्याचा पण, दोन्ही शेजारी ठेवा. मी पैजेवर सांगतो की तुमच्या चित्राचा फोटो सगळा एकच करडा येईल. समोर मात्र ओलं खोड जवळजवळ काळं असतं (सावरीचं खोड कोरडं असताना फिकट करडं, भिजलं की एकदम गडद, हे तुम्ही नोव्हेंबरात केलंत त्याच्या उलट झालं) आणि भाताच्या खाचरातलं पाणी पांढरं. काळं आणि पांढरं सापडलं की मधला हिरवा आपोआप बसतो.

आणि डोंगर हिरवा रंगवू नका. तो हिरवा आहे हे आपल्याला माहीत असतं म्हणून आपण रंगवतो. दोन-तीन मैलांवरचा डोंगर पावसाळी हवेत निळा-राखाडीच दिसतो, आणि सर आली की तोही पुसट होतो. पाऊस काढायचा नसतो, मागचं पुसायचं असतं.

कागदाचं: ठिपके म्हणजे साइझिंग गेलं. कागदाला जिलेटिनचा थर असतो तो दमट हवेत खराब होतो आणि तिथे कागद टिपकागदासारखा रंग पितो, वाईट म्हणजे वॉश टाकेपर्यंत कळत नाही. त्या शीट आता सरावाला किंवा पेन्सिलला. नवीन कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्याआधी गठ्ठा घेऊन ठेवायची हौस करू नये. पॅलेट पण ओलं असताना मिटू नका, आठवड्यात रंगांवर लव येते.

वाचनमात्र२
सडेकर काका, 'चमचाभर सगळ्या भाजीत' 👌 वहीत लिहून ठेवलं.

दगडी_शाई
फसवणुकीच्या प्रश्नावर मी लिहिते, कारण शाळेत चित्रकला शिकवते आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

फ्रेंच चित्रकार मोनेच्या गवताच्या गंजी सगळ्यांना माहीत असतात. १८९०-९१ मध्ये जिव्हर्नीत घराजवळच्या शेतात केलेल्या, पंचवीसेक चित्रं आहेत, त्यातली पंधरा त्याने मे १८९१ ला पॅरिसमध्ये एकत्र लावली. तुमची दहा मिनिटांची तक्रार आहे ना तीच त्याची होती. त्यावर त्याने काय केलं तर एका चित्रात सगळा दिवस कोंबायचा नाद सोडला, एका वेळी अनेक कॅनव्हास घेऊन बसायचा, उजेड बदलला की हा खाली ठेवून तो घ्यायचा, सावत्र मुलगी ब्लाँश घरून कॅनव्हास आणून द्यायची. उद्या तोच उजेड आला की परत पहिला. म्हणजे तुम्ही एकाच कागदावर तीन हवामानं रंगवताय, ती तीन कागदांवर न्या. पाव शीट करा, छोटी. आणि हो, ह्याच मोनेने ह्याच चित्रांवर नंतर स्टुडिओत बसून भरपूर काम केलंय. तेव्हा घरात पूर्ण करायला हरकत नाही, फक्त फोटोला विचारून नको, तुमच्या नोंदींना विचारून करा. फोटोत सावली काळी येते आणि ढग पांढरा फटक, डोळ्याला दोन्हींत रंग दिसतो. जागेवर असताना पेन्सिलने कागदाच्या कडेला लिहायचं, 'डोंगर ढगापेक्षा गडद', 'बांध उबदार', एवढं पुरतं.

ऋतू पुढे पळाला की माणूस काय काय करतो त्याचा किस्सा पण सांगते. १८८९ मध्ये तो क्रूझच्या खोऱ्यात फ्रेसलिनला गेला होता, एक म्हातारं ओकचं झाड हिवाळ्यातलं निष्पर्ण असं रंगवायला घेतलं. हवा खराब, काम लांबलं, मे उजाडला आणि झाडाला पालवी फुटली. तर पठ्ठ्याने मालकाची परवानगी काढली आणि माणसं लावून झाडाची पानं तोडून घेतली! मला हे वाचून आधी हसू आलं आणि मग राग. झाडाचा काय दोष.

ओला_कागद
बाप रे. दगडी_शाई ताई, हा किस्सा आत्ताच का सांगितलात 😅 कारण माझ्याकडे उलटं प्रकरण आहे. त्या बांधाचे मालक (आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो) परवा म्हणाले की ऊसतोडीच्या आधी ही सावर काढायची, ट्रॉली वळत नाही. माझी अजून तीन चित्रं बाकी! त्यांच्या शेतातलं झाड, मी कोण बोलणार, पण दोन रात्री झोप नाही.

सडेकर दादा, ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. सगळा एकच करडा. पैज जिंकलात.

दगडी_शाई
मग ह्याच माणसाचा दुसरा किस्सा तुमच्या कामाचा. १८९१ ला तो एप्ट नदीकाठची पॉप्लरची रांग रंगवत होता आणि गावाने ती झाडं लिलावात काढली. त्याने लाकडाच्या व्यापाऱ्याशीच बोलणी केली, वरचे पैसे मी देतो पण चित्रं होईपर्यंत उभी ठेव. ठेवली त्याने. तुम्ही पैसे देऊ नका, पण जाऊन बोला तरी. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका, चित्रं घेऊन जा.

यॉर्कशायरचा_पाहुणा
मी गेली नऊ वर्षं इंग्लंडात हल शहराजवळ राहतो. इथून जवळच वोल्डगेट म्हणून एक साधा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडं, बघण्यासारखं काही नाही असं मी पहिल्यांदा म्हणालो होतो. इंग्लिश चित्रकार डेव्हिड हॉकनी, जो अर्धं आयुष्य कॅलिफोर्नियाच्या उन्हात राहिला, तो ब्रिडलिंग्टनला परत येऊन ह्या एका रस्त्यावर वर्षानुवर्षं काम करत बसला. २०११ चा वसंत त्याने आयपॅडवर तारखेवार काढला, ५१ चित्रं आणि सोबत ३२ कॅनव्हास जोडून एक अवाढव्य तैलचित्र, २०१२ ला लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत लावलं. त्याआधी २००७ मध्ये वॉर्टरजवळची झाडं ५० कॅनव्हासवर, तेही पानं फुटायच्या आत, कारण पानं आली की फांद्यांची जाळी झाकली जाते. एवढंच नाही, गाडीवर नऊ कॅमेरे लावून त्याच रस्त्यावरून चारही ऋतूंत हळूहळू फिरून शूटिंग केलं. घरच्यांना मी हे दाखवलं तर आई म्हणाली एवढं काय आहे त्या रस्त्यात.

पण एक सांगू का, ओला_कागद ताई, इथल्या ऋतूंची पुस्तकं वाचून आपल्याकडे रंगवायला बसलं की घोटाळा होतो. इथे पानगळ ऑक्टोबरात, लाल-पिवळी. आपल्याकडे तुमची सावर थंडीत पानं टाकते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फुलते, कोशिंबाची नवी पालवी मार्चात लाल येते, पिंपळाची तांबूस, म्हणजे आपला लाल पानांचा मोसम पानं यायच्या वेळी असतो, जायच्या वेळी नाही. आणि सह्याद्रीचं सोनं नोव्हेंबर-डिसेंबरात, गवत वाळल्यावर. मी इथे हिवाळ्यात खिडकीतून करडा रंग बघत बसतो तेव्हा ते वाळलेलं गवत आठवतं आणि जीव कासावीस होतो. तुमचा जुलै मला द्या, माझा जानेवारी तुम्ही घ्या.

रंकाळाकाठ
मोने-हॉकनी झाले, आता कोल्हापूरकर बोलणार. आमच्या आबालाल रहिमानांना विसरू नका. मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकलेला माणूस, शाहू महाराजांचा आश्रय, तरी सगळं आयुष्य कोल्हापूरच्या आसपासच फिरत रंगवण्यात घालवलं, रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ. रंकाळा तलावात पाणी भरलं की संध्यामठ हा तिथला दगडी मठ अर्धा पाण्यात असतो आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की पूर्ण उघडा, म्हणजे ऋतू त्या दगडावर मोजता येतो. मी लहानपणापासून तो मठ बघतोय पण ओल्या दगडाची आणि कोरड्या दगडाची रेघ असते हे मला त्यांच्या चित्रांमुळे दिसायला लागलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा दुःखाने त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थ तळ्यात बुडवली असं इथे सांगतात. तळ्याजवळून जाताना मला अजून दरवेळी आठवतं.

ताई, तुम्ही तुमची चित्रं कुठे बुडवू नका म्हणजे झालं. पालकवालीसुद्धा.

सडेकर
संध्यामठाची ओली रेघ, वा. ताई, तुमच्या बांधाच्या दगडांवर पण असेल बघा अशी रेघ.

ओला_कागद
उशीर झाला लिहायला, ऑक्टोबर संपत आला. सगळ्यांचे आभार, एकेक सांगते.

सॅप ग्रीन कपाटात गेला. जुलै तिसऱ्यांदा केला, पाव शीटचे तीन कागद शेजारी मांडून, एक उघडीप, एक ढग, एक सर. तिन्हींत सरीचा बरा झाला, कारण पांडवगड त्यात जवळपास नाहीच आणि सावरीचं खोड असं काळंशार पुढे आलंय की बस. वाळत नाही ह्याची तक्रार होती तर ओल्यातच सगळा डोंगर सोडून दिला. ऑगस्टमध्ये हळदीत अडकले, ती पानं चार दिवस जमली नाहीत, शेवटी कळलं की पानाचा उजेड म्हणजे कोरा कागद, रंग नाहीच. सप्टेंबरात बांधावर तेरडा आला, गुलाबी, आयता लाल मिळाला.

आबांकडे गेले होते सगळी चित्रं घेऊन. ओट्यावर ओळीने मांडली. ते बराच वेळ बघत बसले, फेब्रुवारीच्या चित्राला बोट लावून म्हणाले ह्या वर्षी फूल लई होतं. मला वाटलं विरघळले. मग म्हणाले, "पण काय वो ताई, ह्यात माझी मोटरीची खोली कुठाय?" खरंच नव्हती! दहा महिने मी ती निळ्या पत्र्याची खोली डोळ्यांनी बघत होते आणि सुंदर दिसत नाही म्हणून वगळत होते.

झाड राहिलंय, पण ट्रॉलीच्या बाजूच्या खालच्या दोन फांद्या गेल्या, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोडल्या. आधी वाईट वाटलं, मग तसंच काढलं, तोडलेल्या जागेची फिकट चकती पण काढली. आणि ह्यावेळी मोटरीची खोली घेतली. आता त्या सगळ्या हिरव्या-पिवळ्यात तो एवढासा निळा चौकोन बसलाय आणि सावर एकदम मागून पुढे आल्यासारखी दिसतेय. आबांना झेरॉक्सच्या दुकानातून कलर प्रिंट काढून दिली, मोटरीच्या खोलीतच लावलीय त्यांनी.

सडेकर
पत्र्याला सेरुलियन घेतलात की कोबाल्ट?

ओला_कागद
सेरुलियन, खाली गंजाला सिएना. चमचाभर 🙂

टपरीवाला_चहा
कापसाचं चित्र अजून टाकलेलं नाही.